विरून जाणाऱ्या लहरींचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

माझा आवाज ज्या लहरींवरून आपल्यापर्यंत येतो आहे, त्यांच्याच जातकुळीच्या लहरींवर मोबाइलचे संभाषण चालते. फरक असा, की नभोवाणीला एका वारंवारितेवरून एकच आवाज सर्वांना ऐकवायचा असतो, तर मोबाइलला असंख्य संभाषणे एकमेकांत मिसळू न देता न्यावी लागतात.

वारंवारितांचा कोणता पट्टा कोणत्या कामाचा, याची चौकट आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या परिषदांत ठरते, आणि तिच्या आत राहून प्रत्येक देश आपल्या कंपन्यांना, अनेक ठिकाणी लिलावाने, वाटा देतो. हा वाटा नेहमी अपुराच असतो. जीएसएम या दुसऱ्या पिढीच्या मोबाइल तंत्राचा मूळ पट्टा घ्या: फोनकडून टॉवरकडे जाण्यासाठी 890 ते 915 मेगाहर्ट्झ आणि परतीसाठी 935 ते 960. (खालचा भाग फोनला दिला आहे, कारण कमी वारंवारितेची लहर वाटेत थोडी कमी क्षीण होते, आणि फोनची बॅटरी ती केवढी!) या पट्ट्यात 200 किलोहर्ट्झचे 124 वाहक, म्हणजे संभाषण वाहून नेणारे उपपट्टे, बसतात आणि प्रत्येकावर आठ जण आळीपाळीने बोलतात, म्हणजे एका वेळी हजार माणसेही नाहीत.

एवढ्यावर अख्खे शहर कसे भागते, याचे उत्तर अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या डी. एच. रिंग यांनी 1947 मध्येच लिहून ठेवले होते. प्रदेशाचे लहान सेल, म्हणजे एकेका टॉवरचे टापू, पाडावेत, शेजाऱ्यांना निराळ्या वारंवारिता द्याव्यात आणि पुरेसे अंतर पडले, की त्याच पुन्हा वापराव्यात. लहर अंतराने विरते, हा एरवी दोष मानला जातो. इथे सारी व्यवस्था त्याच दोषावर उभी आहे. म्हणूनच टॉवर फोनला सतत बजावत असतो, की लागेल तेवढ्याच शक्तीने बोल. गर्दी वाढली, की सेल आणखी लहान केले जातात. टॉवर केवळ रेंजसाठी उभारतात, हा समज अर्धाच खरा आहे.

चौथ्या पिढीत, म्हणजे फोर-जीत, तर शेजारचे सेलही बहुधा तीच वारंवारिता वापरतात आणि तिचे बारीक तुकडे दर मिलिसेकंदाला नव्याने वाटले जातात. त्याची किंमत सेलच्या सीमेवर मोजावी लागते: तिथे शेजारच्या टॉवरची लहर आपल्या लहरीत गोंगाट मिसळते, आणि पडद्यावर रेंज बरी दिसत असूनही इंटरनेट रेंगाळते.