पी हळद नि हो गोरी : एका वर्षाच्या पाहुण्याकडून आपण काय मागतो

नमस्कार मंडळी. मंडळाच्या कार्यक्रमात अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर व्याख्यान ठेवायचं धाडस संयोजकांनी केलं, आणि तेही शनिवारी न ठेवता रविवारी ठेवलं, म्हणून त्यांचे दुहेरी आभार. शनिवारी सामने असतात, मी आलोच नसतो.

पुढच्या रांगेत भारतातून आलेले आईबाबा दिसताहेत, त्यामुळे दोन मिनिटं नियम सांगतो. इथे कॉलेजच्या खेळाडूला चार सीझन खेळायला पाच वर्षं मिळतात. पूर्वी मध्येच विद्यापीठ बदललं, तर साधारणपणे एक वर्ष नुसतं सराव करत बसावं लागे; सामना खेळता येत नसे. त्यातून सुटायची एक वाट होती. पदवी तीन-चार वर्षांत पूर्ण करायची आणि खेळायचा सीझन शिल्लक असेल, तर मास्टर्ससाठी दुसरीकडे जायचं. मग पहिल्याच सामन्यात उतरायची मुभा. याला म्हणतात ग्रॅज्युएट ट्रान्सफर. म्हणजे आपल्यासारखंच की! बीई तिकडे, एमएस इकडे. फरक एवढाच, की आपल्याकडून ऐंशी हजार लोकांच्या अपेक्षा नव्हत्या. फक्त दोघांच्या होत्या, आणि ते आज पुढच्या रांगेत बसलेत.

ही वाट काही सरळ तयार झाली नाही. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने २००६मध्ये पदवीधरांना सरसकट परवानगी दिली. त्याच वर्षी रायन स्मिथ युटाहून फ्लोरिडाला गेला, त्याने प्रतिस्पर्ध्यांचे आठ पास मधेच पकडले आणि फ्लोरिडा राष्ट्रीय विजेता झाला. जानेवारी २००७मध्ये सदस्य विद्यापीठांनी मतदान करून तो नियमच मोडीत काढला. मागे एक फट तेवढी राहिली: आपल्या विद्यापीठात नसलेला मास्टर्सचा अभ्यासक्रम दुसरीकडे असेल, तर सवलत मागता येई. मग काय, अभ्यासक्रम शोधले जाऊ लागले. २०१०मध्ये ऑरेगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, जेरेमाया मसोली मिसिसिपीला गेला तो बागा आणि करमणूक व्यवस्थापन शिकायला! एनसीएएने आधी नकार दिला, अपिलात होकार दिला. पहिल्याच सामन्यात मिसिसिपी जॅक्सनव्हिल स्टेटसारख्या खालच्या गटातल्या संघाकडून ४९-४८ने हरली. बागांचं पुढे काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

आता मूळ विषय. मी २०११च्या ऑगस्टमध्ये मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात, एमएससाठी आलो. त्याच उन्हाळ्यात क्वार्टरबॅक रसेल विल्सनही आला. नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये तीन वर्षांत पदवी घेतलेला, वसंतात बेसबॉल खेळणारा, आणि म्हणूनच प्रशिक्षकाने ‘तू जा’ म्हणून मोकळा केलेला. विस्कॉन्सिनमध्ये येऊन काही आठवडे होतात न होतात, तोच सहकाऱ्यांनी त्याला कर्णधार निवडलं. त्या सीझनमध्ये ३३ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे, आणि प्रतिस्पर्ध्यांनी मधेच पकडलेले फक्त चार. पासिंग रेटिंग, म्हणजे पास किती परिणामकारक याचा आकडा, १९१.८, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. बिग टेन या आमच्या विद्यापीठ-गटाचं विजेतेपद, मग रोझ बोल हा सीझनअखेरचा मानाचा सामना. तिथे ऑरेगनकडून हरलो, ४५-३८. मला चेंडू कुणाकडे आहे हेही धड कळत नव्हतं, तरी मी ओरडत होतो.

आणि तिथेच आपली सवय बिघडली. ग्रॅज्युएट ट्रान्सफर म्हणजे काय, तर उन्हाळ्यात येतो, शरदात जिंकून देतो, हिवाळ्यात निघून जातो, अशी आमची समजूत होऊन बसली. पी हळद नि हो गोरी.

पुढच्या वर्षी आम्ही हळदीची दुसरी पुडी आणली. डॅनी ओब्रायन, मेरीलँडचा. ऐरागैरा नव्हे; २०१०मध्ये त्याच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठ-गटाचा, सर्वोत्तम नवोदित ठरलेला. माझा रूममेट म्हणाला, ‘झालं, जागा भरली.’ हा ‘जागा भरली’ शब्दप्रयोग लक्षात ठेवा, सगळी गोम त्यातच आहे. दुसऱ्या सामन्यात ऑरेगन स्टेटकडून १०-७ अशी हार. तिसऱ्या सामन्यात युटा स्टेटविरुद्ध मध्यंतरानंतर ओब्रायन बाकावर, आणि मैदानात जोएल स्टेव्ह, विस्कॉन्सिनचाच, स्कॉलरशिपशिवाय संघात आलेला पोरगा. तीन सामन्यांत निकाल लागला. मीही म्हणालो होतो, की हा काही विल्सन नाही. नव्हताच! पण विल्सनला जे मिळालं, ते याला मिळालं होतं का, हे मी विचारलं नव्हतं.

विल्सनच्या मागून चेंडू घेऊन माँटी बॉल धावत होता. त्या एका सीझनमध्ये ३९ टचडाउन्स, बॅरी सँडर्सच्या १९८८च्या विक्रमाशी बरोबरी. पुढे त्याचं रक्षण करणाऱ्या लाइनवर केव्हिन झाइट्लरसारखी माणसं होती, जी नंतर थेट एनएफएल या व्यावसायिक लीगला गेली. आणि आक्रमणाची सूत्रं प्रशिक्षक पॉल क्रिस्टकडे होती. ओब्रायन आला तेव्हा क्रिस्ट पिट्सबर्गला गेले होते, त्यांच्याबरोबर आणखीही प्रशिक्षक गेले, लाइन नवी. विल्सन भरल्या घरात आला होता. ओब्रायन आला तेव्हा सामान हलवलेलं होतं, फक्त दारावरची पाटी तीच होती.

प्रेक्षकाचं गणित साधं असतं: मागच्या वर्षी एक भोक होतं, यंदा एक बूच आणलं. पण हा माणूस इथे का आलाय, याचाही विचार करा. बहुतेक वेळा मूळ घरी त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते, किंवा घेणार अशी चिन्हं असतात. म्हणजे तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला रोज पाहून काहीतरी ठरवलेलं असतं. कधी ते ठरवणं दोघांनाही लाभतं. जेक रुडॉक आयोवाहून मिशिगनला गेला. २०१५मध्ये मिशिगनने दहा सामने जिंकले, आणि ज्या सी. जे. बेथर्डसाठी आयोवाने त्याला बाजूला केलं, त्याने आयोवाला साखळीत १२-० नेलं. दोन्हीकडे पेढे! असं क्वचित होतं. त्याच वर्षी व्हर्नन ॲडम्स ऑरेगनला गेला, हाइझमन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, जिंकलेल्या मारियोटाच्या जागी. पदवीचा गणिताचा पेपर अडकल्याने तो ऑगस्टमध्ये उशिरा पोचला, आणि पहिल्याच सामन्यात, तोही आपल्याच जुन्या विद्यापीठाविरुद्ध, बोट मोडून घेतलं. तरी वर्षअखेर पासिंग रेटिंगमध्ये देशात पहिला. सीझनअखेरच्या अलामो बोल सामन्यात ऑरेगन मध्यंतराला ३१-०ने पुढे होतं. पण ॲडम्स मध्यंतराआधीच जखमी होऊन बाहेर गेला होता, आणि समोरच्या टीसीयूने तीन जादा डाव खेळून ४७-४१ने सामना काढला. ऑरेगनवाल्यांना विचारलं, तर त्यांना तो पराभव आधी आठवतो.

आता ज्यांचं नाव यायची तुम्ही वाट पाहताय, ते जो बरो. ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षांत पदवी, ड्वेन हॅस्किन्सपुढे जागा मिळेना, म्हणून मे २०१८मध्ये लुईझियाना स्टेटला, म्हणजे एलएसयूला. सगळ्यांना २०१९ आठवतं: ६० टचडाउन पास, ५,६७१ यार्ड, हाइझमन, १५-० आणि क्लेमसनला ४२-२५ने हरवून विजेतेपद. पण त्याआधीचं २०१८ आठवतंय? १६ टचडाउन पास. दहा विजय, तीन पराभव. ठीकठाक, नावं ठेवण्यासारखं नाही, देव्हाऱ्यात बसवण्यासारखंही नाही. बरोने पदवी तीन वर्षांत उरकली होती, म्हणून त्याच्याकडे दोन सीझन होते. एकच असता, तर आज एलएसयूच्या गावी, बॅटन रूजमध्ये लोक म्हणाले असते, ‘हो, तो ओहायोचा मुलगा, बरा होता.’ दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक जो ब्रेडी नवी पासिंग पद्धत घेऊन आला, पास झेलणारे जमार चेस आणि जस्टिन जेफरसन तयार झाले होते, आणि बरो त्यांना वर्षभर ओळखत होता. डिसेंबर २०१९च्या उपांत्य सामन्यात समोर ओक्लाहोमाचा जेलन हर्ट्स होता, तोही अलाबामात जागा गमावून आलेला पदवीधर. एलएसयूने तो ६३-२८ने जिंकला. हर्ट्स हाइझमनमध्ये दुसरा आला होता, आणि तरी त्याच्याबद्दल हळहळणारे ओक्लाहोमावाले मला भेटलेत. देशात दुसरा!

आता नियम फारच सैल झालेत. २०१८मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांची यादी, आलं, २०२१पासून पदवी नसतानाही एकदा लगेच खेळता येऊ लागलं, २०२४पासून कितीही वेळा, अभ्यास पुरेसा असला म्हणजे झालं. शिवाय पैसा उघडपणे मिळतो, त्यामुळे प्रेक्षकाला आता गिऱ्हाइकासारखा तोरा आला आहे. त्यावर वेगळं व्याख्यान होईल. स्वयंपाकघरातून मला खुणा होताहेत.

स्टेव्हचं सांगायचं राहिलं. त्याच्यावर मी पुढे तीन वर्षं कुरकुर केली. २०१४च्या सीझनच्या सुरुवातीला त्याचीही जागा गेली. त्याला ती परत मिळाली. २०१५ संपताना सामन्याची सुरुवात करणारा क्वार्टरबॅक म्हणून त्याच्या नावावर ३१ विजय होते, विस्कॉन्सिनच्या इतिहासात सर्वाधिक, विल्सनच्या ११ पेक्षा वीसने जास्त. ओब्रायन २०१३मध्येच कटॉबा नावाच्या, नॉर्थ कॅरोलिनातल्या छोट्या कॉलेजात गेला होता. ते त्याचं तिसरं. तो गेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं.