क्वांटम मापनात पीएचडी: आधी प्रयोगशाळा पाहा

क्वांटम म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे संगणक येतो. त्या विषयात काम भरपूर आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण पीएचडीचा विचार करणाऱ्यांनी अचूक मापनाची बाजू पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

लायगोचं उदाहरण घ्या, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या यंत्रांचं. ४ किलोमीटरच्या दोन भुजा, ४० किलोचे आरसे, आणि टिपायचा आहे प्रोटॉनच्या व्यासाच्या १०,००० व्या हिश्शाएवढा फरक. इथे लेझरचा प्रकाशच आड येतो. फोटॉन एकसारख्या संख्येनं येत नाहीत, त्यामुळे मोजमापात गोंगाट येतो. शिवाय त्यांच्या धक्क्यानं आरसेही हलतात. हा गोंगाट कारागिरीतल्या उणिवेचा नाही, निसर्गनियमाचा आहे. तो शून्यावर आणता येत नाही, पण सरकवता येतो: फेजमधली (लहर कोणत्या टप्प्यावर आहे त्यातली) अनिश्चितता कमी करायची आणि ॲम्प्लिट्यूडमधली (लहरीच्या उंचीतली) वाढू द्यायची, किंवा याच्या उलट. असा स्क्वीझ्ड, म्हणजे एका बाजूनं दाबलेला, प्रकाश लायगोच्या निरीक्षणांत २०१९ पासून वापरला जातोय. २०२३ पासून तो आधी आरशांमधल्या ३०० मीटरच्या एका पोकळीतून नेतात. त्यामुळे कोणत्या वारंवारितेला कोणती अनिश्चितता दाबायची, हे ठरवता येतं. क्वांटम माहितीशास्त्रातले विद्यार्थी प्रकाशाच्या ज्या अवस्था वहीत लिहितात, त्या अवस्थांमुळेच इथे कृष्णविवरांच्या टकरी जास्त दुरून ऐकू येऊ लागल्या.

आता आपल्याकडे या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारायला केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याच महिन्यात सुमारे ६,००० कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशनही मंजूर झालं. त्यातलं सेन्सिंग आणि मापनशास्त्राचं केंद्र पवईला, आयआयटी मुंबईत आहे. मराठवाड्यातल्या मुलामुलींनी ही यंत्रं नुसती पाहू नयेत, ती चालवणाऱ्यांत असावं, ही माझी तीव्र इच्छा आहे.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत यिटर्बियम या धातूचा एकच आयन (विद्युतभारित अणू) पकडून त्यावर प्रकाशीय घड्याळ, म्हणजे प्रकाशाच्या वारंवारितेवर चालणारं अणुघड्याळ, उभारण्याचं काम चालतं. या प्रकारच्या कामात दिवस कसा जातो, ते सांगतो. आयनाला थंड करणारा लेझर ३६९ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील. डोळ्यांना तो दिसत नाही. पांढऱ्या कागदाचा कपटा धरायचा, त्यावर उमटणारा निळसर ठिपका बघत आरशाचे स्क्रू केसभर फिरवायचे. जमलं की लेझर लॉक करायचा, म्हणजे ठरलेल्या वारंवारितेवर स्थिर धरायचा. मग एसी चालू-बंद होतो, खोलीचं तापमान किंचित हलतं आणि लॉक सुटतो. कारण शोधण्यात आठवडे जातात. हे पीएचडीच्या वाटेतले अडथळे समजू नका. गोंगाटाचा एकेक उगम ओळखून तो किती आहे हे सांगणं, हाच प्रबंधाचा गाभा असतो. या चिकाटीमुळेच आजची सर्वोत्तम घड्याळं १ सेंटीमीटर उंचीच्या फरकानं, गुरुत्वाकर्षण बदलल्यामुळे, काळाच्या गतीत पडणारा फरक ओळखतात.

प्रवेशासाठी बहुतेक संस्था जेस्ट, गेट किंवा नेट या परीक्षांपैकी एखादी मागतात. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि वर घरभाडं, हे घरच्यांना जरूर सांगा. मुलाखतीला गेलात की मार्गदर्शकांना भेटाच, पण तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर चहाही घ्या. त्यांना विचारा: टेबलावरचं यंत्र चालू आहे की अजून उभं राहतंय? मागची दोन वर्षं तुमची कशात गेली? यंत्र बिघडलं तर सर किंवा मॅडम स्वतः प्रयोगशाळेत येतात का? आणि एमएस्सीचा प्रकल्प अजून ठरला नसेल, तर तो अशाच एखाद्या प्रयोगशाळेत मागा. सहा महिने लेझरपाशी उभं राहिलात की हे काम आपल्याला मानवतंय की नाही, ते कळेल.