खपली, रफू आणि हीलिंग

[गुडघा, अगदी जवळून]

सायकलवरून पडलेला पोरगा. रडून झालंय, आता तो कॅमेऱ्याकडे बघतोय. या गुडघ्याचं पुढे जे काय होणार ना, त्याला मराठीत किती शब्द आहेत बघा, जखम सुकते, खपली धरते, हळूहळू भरून येते, ठणका कमी होतो, दुखण्याला उतार पडतो, औषधाचा गुण येतो आणि मग माणूस खडखडीत बरा. गुण तर तमिळमध्येपण आहे, गुणमागु म्हणजे बरं होणं. आणि हल्ली आपण या सगळ्याला मिळून काय म्हणतो, तर हीलिंग. असो.

[पडद्यावर अक्षरं एकामागून एक]

त्या बिचाऱ्या हीलचा तरी काय दोष. जुन्या इंग्रजीत हाल म्हणजे अख्खा, धडधाकट, त्यावरून हील म्हणजे अख्खं करणं. हेल्थ त्याच घरातला, होल तिथलाच, आणि होली, म्हणजे पवित्र, तोही तिथलाच. जर्मनमध्ये हाइलेन बरं करणं आणि हाइलिग पवित्र. रशियनमध्येही हीच कल्पना, आणि खूप मागे गेलं तर मूळही हेच, त्सेली म्हणजे अख्खा आणि इस्त्सेलित म्हणजे बरं करणं. मजा म्हणजे चुंबन घेणं याला रशियनमध्ये जो शब्द आहे, त्सेलोवात, तो पण याच मुळाचा, कारण आधी त्याचा अर्थ होता "धडधाकट राहा" असं म्हणून भेटणं!

[रफूगाराचे हात, सुई, कापड. इथे घाई नको]

आता हे हात बघा. कापडाला भोक पडलंय. रफूगार त्याच कापडाच्या आतल्या कडेचे धागे ओढून काढतो, बाहेरचा धागा चालत नाही, रंग जुळला तरी पोत जुळत नाही. आधी उभे धागे ताणून घेतो, मग आडवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून, परत वरून, परत खालून. भोक असं काठाकडून मधे मधे येत बुजतं.

रफू हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत अरबीतून. अरबीत हे क्रियापद म्हणजे फाटलेलं सांधणं. आणि हिब्रूत त्याचंच सख्खं भावंड मानलं जाणारं जे क्रियापद आहे, राफा, त्याचा अर्थ बरं करणं! हिब्रूत डॉक्टरला रोफे म्हणतात. राफाएल हे नाव ऐकलंय ना, त्याचा अर्थ देवाने बरं केलं.

आणि हे नुसतं शब्दांपुरतं नाहीये. त्या गुडघ्याच्या आत आत्ता तेच चाललंय, शरीर कोलॅजेनचे धागे टाकतंय, आधी कसेतरी गुंतागुंतीचे, मग महिनोन्‌महिने ते नीट लावत बसतं. खोल जखमेची जागा मूळ कातडीच्या साधारण 80 टक्के मजबुतीपर्यंत पोचते, त्याच्या पुढे नाही. रफूगारही तेच सांगेल, कापड चालेल, पण तिथे ओढू नका.

[कपाळावर ठेवलेला हात]

जपानीत उपचाराला म्हणतात तेआते. ते म्हणजे हात, आते म्हणजे लावणं, टेकवणं. बस.

[चिनी अक्षर, शाईत]

हे अक्षर, उच्चार साधारण ज्र. डावीकडचे तीन फटकारे म्हणजे पाणी. पुराला आवर घालणं, राज्य चालवणं आणि रोगावर इलाज करणं, तिन्हीला हेच.

[दवाखान्याचा बाक, लांबून]

पेशंट सांगतो "आराम आहे", ऐकणारा समजतो रोग गेला, मग गोळ्या मधेच बंद होतात, तेही होतंच.

[परत तोच गुडघा, बाराव्या दिवशी]

खपलीच्या कडा सुटल्यात, खाली गुलाबी कातडी. संस्कृतात निरोगी माणसाला स्वस्थ म्हणतात, म्हणजे स्वतःत नीट ठरलेला, हिंदीतही तोच अर्थ टिकलाय. मराठीत मात्र आपण तो शब्द बहुतेक वेळा पोरांवर ओरडायलाच काढतो. मागे आवाज येतोय तो आईचाच. "खपली ओढू नकोस, स्वस्थ बस!"

पोरगं काही स्वस्थ बसत नाहीये. सायकलकडे निघालंय.