टिक आधीच मारलेली असते

मागे ऐकू येतंय ना? बरं.

मला विषय दिलाय रुग्णसुरक्षा आणि गुणवत्ता, पण एवढं सगळं तासाभरात मावत नाही, म्हणून मी फक्त एका कागदाबद्दल बोलणार आहे. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, फाइलला लावलेला असतो ना, सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट, ऑपरेशनच्या वेळी एकेक गोष्ट तपासून टिक मारायची यादी, तो. तुमच्यातल्या ज्यांची ओटी पोस्टिंग झालीये त्यांनी तो भरलाय, आणि खरं सांगा, पेशंट टेबलवर यायच्या आधीच भरलाय की नाही? हसू नका, मीही भरलाय.

हा कागद जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये काढला. 19 मुद्दे, तीन टप्पे. भूल द्यायच्या आधी, चीर द्यायच्या आधी आणि पेशंट ओटीतून बाहेर न्यायच्या आधी. त्या कामाचे प्रमुख होते डॉ. अतुल गावंडे, अमेरिकेतले सर्जन, घराणं मूळचं आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं. त्यांच्या टीमने आठ शहरांतली आठ हॉस्पिटलं घेतली. सिॲटल, टोरांटो, लंडन, ऑकलंड ही पैसेवाली, आणि दुसरीकडे मनिला, अम्मान, टांझानियातलं इफाकारा आणि आपली दिल्ली. कागद यायच्या आधीची 3733 ऑपरेशनं बघितली आणि नंतरची 3955. मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं, मोठ्या गुंतागुंती 11 वरून 7 वर. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही, एक झेरॉक्स. 2009 मध्ये हे छापून आलं आणि जगभर धडाधड सगळीकडे हा कागद लागला.

आता पुढचं ऐका, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांताने हा कागद सक्तीचा केला, 101 हॉस्पिटलांचा आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांचा हिशोब काढला, दोन लाखांवर ऑपरेशनं, आणि 2014 मध्ये निकाल आला की मृत्यू 0.71 टक्के होते ते 0.65 झाले, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत फरक नाहीच. आणि गंमत म्हणजे कागद भरल्याचं प्रमाण हॉस्पिटलांनी स्वतःच कळवलं होतं ते नव्वद टक्क्यांच्या वर! कागद तोच, मग बिघडलं कुठे? यावर खूप वाद झाले, कुणी म्हणालं तीन महिन्यांत काय कळणार, कुणी म्हणालं तिथे मुळातच मृत्यू कमी. मला विचाराल तर मी माझी एक गोष्ट सांगेन.

ओटीतला माझा दुसरा महिना. पोटाचं मोठं ऑपरेशन, मी स्क्रबला, म्हणजे सर्जनच्या हातात सामान देणारी सिस्टर. पोट बंद करायच्या आधी मॉप, म्हणजे रक्त टिपायची फडकी, मोजले, फळ्यावर 15 आणि आमच्याकडे 14. परत मोजले, 14. सर्जन सर म्हणाले, सिस्टर, तुमचं मोजणं चुकलं असेल, मला अजून दोन केस आहेत, धागा द्या. माझे हात थरथरायला लागले, देणारच होते मी, पण धागा माझ्या ट्रॉलीवर नव्हताच. टेबलाबाहेर राहून सामान पुरवणाऱ्या सीनियर सिस्टरांच्या हातात होता, पाकीट बंद. त्या एवढंच म्हणाल्या, "मॉप सापडेपर्यंत मी हे उघडत नाही, सर." आवाज चढवला नाही, काही नाही. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग बकेटमध्ये सापडला, रक्ताने भिजून दुसऱ्या मॉपला असा चिकटला होता की दोन्ही मिळून एकच वाटत होता. म्हणजे पोटात काहीच राहिलं नव्हतं, सर बरोबरच होते असं म्हणा हवं तर! पण ते त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हतं ना. आणि त्या केसच्या कागदावर "काउंट बरोबर" ही टिक सकाळी केस सुरू व्हायच्या आधीच पडलेली होती. माझ्याच हाताची.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या आयसीयूंमध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने झालं. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत घालायच्या लाइनसाठी, म्हणजे कॅथेटरच्या नळीसाठी, पाचच गोष्टी ठरवल्या, हात धुवा, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने कातडी पुसा, पेशंटवर पूर्ण ड्रेप, म्हणजे निर्जंतुक चादर, आणि स्वतःला टोपी-मास्क-गाऊन, शक्यतो जांघेतून लाइन नको, आणि गरज संपली की काढा. यात नवीन काय आहे, पहिल्या वर्षाला शिकवतात. पण तिथे एक पायरी जरी चुकली तरी नर्सने डॉक्टरला थांबवायचं, असा अधिकार तिला दिला. 2006 मध्ये आकडे आले, लाइन आत असलेल्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचा मध्यांक, म्हणजे सगळे दर ओळीने लावले तर मधला आकडा, 2.7 होता तो शून्यावर. लोक पाच मुद्द्यांची कॉपी करून घेऊन जातात आणि तो अधिकार तिथेच ठेवून येतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्थात नुसतं सगळं नीट केलं की मृत्यू कमी होतात असंही नाही हां. उत्तर प्रदेशात बाळंतपणाच्या चेकलिस्टचा प्रचंड मोठा प्रयोग झाला, 120 केंद्रं, दीड लाखांवर बाळंतपणं. निम्म्या केंद्रांत कोच जाऊन सिस्टरांच्या शेजारी उभे राहिले, शिकवलं. दोन महिन्यांनी तिथे ठरलेल्या गोष्टींपैकी सुमारे 73 टक्के होत होत्या, बाकीच्या केंद्रांत 42. तरी 2017 मध्ये निकाल आला तेव्हा आई-बाळाचे मृत्यू आणि गंभीर आजार दोन्हीकडे जवळपास सारखेच, 15 टक्क्यांच्या आसपास. कोच गेल्यावर ते 73 चं 62 वर आलं. आता बाळ अडलं आणि सिझेरियनची सोयच तिथे नसेल तर सिस्टर टिक मारून काय करणार? हे कुणी आपल्याला विचारलं तर सांगायला लाजू नका.

आमच्याकडे आम्ही एवढंच बदललं की चीर द्यायच्या आधी कागद वाचणारी सिस्टर मोठ्याने वाचते आणि सगळे हातातलं काम थांबवून उत्तर देतात, नाव सांगतात, अगदी रोज भेटणारे सरसुद्धा. पहिले दोन आठवडे सगळे हसत होते. आता दिवसाच्या केसेसना बऱ्यापैकी होतं. रात्री दोनच्या इमर्जन्सीला अजूनही फॉर्म आधीच भरलेला सापडतो, गेल्या मंगळवारीही सापडला. सही कोणाची होती ते सांगत नाही, ती इथेच तिसऱ्या रांगेत बसलीये.