वीतभर काळा देवमासा

नमस्कार मुलांनो! रेडिओजवळ बसला असाल तर आधी एक काम करा. उजव्या हाताची बोटं ताणा आणि टेबलावर, जमिनीवर, नाहीतर शेजारी बसलेल्या भावाच्या पाठीवर एक वीत मोजा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मोजली? हात तसाच राहू द्या. आज ज्या माशाची गोष्ट सांगणार आहे, तो साधारण तेवढाच असतो.

हे आधीच सांगितलं, कारण त्याची चित्रं तुम्ही पाहिली असणार. काळाकुट्ट, जबड्यात सुयांसारखे दात आणि कपाळावर लोंबणारा दिवा. चित्रात त्याच्या शेजारी मापाला काही नसतं, त्यामुळे तो एसटीएवढा असेल असं वाटतं. २०२५च्या जानेवारीत कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ बेटाजवळ, किनाऱ्यापासून दोनेक किलोमीटरवर, अशी एक मादी चक्क दिवसाउजेडी पाण्याच्या वरच्या थरात पोहताना दिसली. शार्क माशांच्या अभ्यासासाठी गेलेल्या बोटीवरच्या लोकांनी तिचं चित्रीकरण केलं. ती दुबळी झाली होती, काही तासांत मेली. जगभर लोक हळहळले, आणि बरेचजण चकितही झाले. एवढीशी?

हा अँग्लरफिश. अँग्लर म्हणजे गळ टाकून मासे धरणारा. या माशांच्या खूप जाती आहेत. टेनेरिफला दिसलेल्या जातीचं शास्त्रीय नाव मेलानोसीटस जॉन्सोनाय. मडेरा बेटाजवळ सापडलेल्या माशावरून आल्बर्ट ग्युंथर यांनी १८६४ साली ते ठेवलं. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ लावला तर ‘काळा देवमासा’. वीतभर जीव, आणि नाव देवमासा! मला तर वाटतं, या बिचारीला राक्षस ठरवायला तिथूनच सुरुवात झाली.

आता तिच्या घरी जाऊ. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच आहे. तेच उलटं करून समुद्रात बुडवलं, तर त्याचं टोक जिथे पोचेल, साधारण तिथपर्यंत आणि त्याच्याही खाली हे मासे राहतात. दोनशे मीटरनंतर ऊन इतकं क्षीण होतं की वनस्पती वाढू शकत नाहीत. हजार मीटरखाली सूर्य पोचतच नाही. पाणी फ्रिजमधल्यासारखं गार. आणि दाब? दर दहा मीटरला आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेइतका दाब वाढतो. हजार मीटरवर शंभरपट.

मग मासा चेपत कसा नाही? रिकामी प्लास्टिकची बाटली झाकण लावून दाबा, चेपते. काठोकाठ पाण्याने भरून झाकण लावा आणि मग दाबा, दाद देत नाही. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, या मादीच्या पोटात नसते. आत पाणी, बाहेर पाणी. तिचं मांसही पाणचट आणि मऊ. ज्यांच्या घरी ओले बोंबील येतात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बोंबलाचा विषय निघालाच आहे तर बाजारात एकदा त्याचं तोंड नीट बघा. जबडा मोठा, दात बारीक, टोकदार आणि आतल्या बाजूला वाकलेले. अँग्लरफिशचे दात त्याहून लांब, आणि आत दुमडणारे. भक्ष्य आत जाताना दात वाट देतात, बाहेर यायला निघालं की आडवे येतात. पोट फुग्यासारखं ताणतं, त्यामुळे स्वतःपेक्षा मोठा मासासुद्धा ती गिळू शकते. हा हावरटपणा नाही बरं. तिथे वनस्पती नाहीत, वरून मेलेल्या जीवांचे कण बर्फासारखे भुरभुरत येतात तेवढंच. पुढचं जेवण आठवड्याने की महिन्याने, कोणी सांगावं? मिळालेला घास परत पाठवून कसं चालेल?

घास शोधत फिरणंही तिला परवडत नाही. पोहण्यात ताकद जाते. म्हणून ती जवळजवळ स्थिर तरंगत राहते आणि गळ पुढे धरते. हा गळ म्हणजे तिच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा. तो पुढे सरकून तोंडावर आला, आणि त्याच्या टोकाला बोंड तयार झालं. त्या बोंडातून निळसर उजेड येतो. ‘बॅटरी कुठली?’ असं मला एका शाळेत दुसरीतल्या मुलीने विचारलं होतं, आणि प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. काजवा आपला उजेड स्वतः करतो. ही मादी तसं करत नाही. तिच्या बोंडात लाखो जीवाणू भाडेकरू म्हणून राहतात, उजेड त्यांचा. ती त्यांना जागा आणि खाणं देते, भाडं म्हणून ते दिवा लावतात. जन्मतः हे भाडेकरू तिच्याजवळ नसतात, पुढे समुद्राच्या पाण्यातूनच ते बोंडात शिरतात.

पण दिवा तोंडासमोर लावला तर आपलंच तोंड दिसेल की! त्यावर उपाय तिच्या कातडीत आहे. खोल समुद्रातल्या काही माशांची कातडी शास्त्रज्ञांनी तपासली, ते संशोधन २०२०मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्या कातडीवर पडलेल्या उजेडापैकी साडेनव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त उजेड आतच जिरतो. त्यांतला सर्वात काळा निघाला तो एक अँग्लरफिश. काजळसुद्धा त्याच्यापुढे फिकट. समोरच्या माशाला फक्त हलणारा ठिपका दिसतो. जवळ आला की पाण्यासकट आत.

एवढा वेळ मी ‘ती, ती’ म्हणतेय, तुमच्या लक्षात आलं असेल. गळ फक्त मादीला असतो. नर कुठे मग? शास्त्रज्ञांनाही तो बरीच वर्षं सापडत नव्हता. १९२२ साली आइसलंडचे ब्यार्नी सायमुंडसन यांना मोठ्या जातीची एक मादी मिळाली. या जातीत मादी मीटरभराहूनही लांब होते. तिच्या पोटाला दोन चिमुकले मासे चिकटलेले. त्यांना वाटलं, पिल्लं असावीत. तीन वर्षांनी लंडनमध्ये चार्ल्स टेट रीगन यांनी तसाच एक चिकटलेला मासा चिरून पाहिला, तर तो पूर्ण वाढलेला नर! अंधारात मादीचा वास घेत तो येतो, तिला चावून धरतो, आणि काही जातींत हळूहळू दोघांची कातडी जुळते, रक्तवाहिन्याही जुळतात. मग त्याला जेवण तिच्याच रक्तातून. पुन्हा शोधाशोध नको, अंधारात चुकामूक नको. आपल्या काळ्या देवमाशाचा नर मात्र असा कायमचा चिकटत नाही, काम झालं की सुटतो.

अशी जोडी जिवंत, पोहताना कॅमेऱ्यात सापडली ती थेट २०१६ साली, अझोर्स बेटांजवळ, आठशे मीटर खोल. छोट्या पाणबुडीतून याकोबसन पती-पत्नींनी ती पाहिली. त्या मादीच्या अंगाभोवती लांबच लांब तंतू पसरलेले होते, आणि खाली लटकलेला नर आरामात डुलत होता.

राहिली पिल्लं. ती तळाजवळ वाढत नाहीत. समुद्राच्या वरच्या थरात, जिथे ऊन असतं आणि खायला भरपूर असतं, तिथे ती मुगाच्या दाण्याएवढी, गोल, पारदर्शक अशी तरंगतात. मोठी होऊ लागली की खाली खाली जातात. खाली गेल्यावर मादीचे डोळे शरीराच्या मानाने बारकेच राहतात, तिथे बघायचं तरी काय? म्हणजे टेनेरिफच्या त्या मादीला ऊन अगदीच नवीन नव्हतं. लहानपणी ती त्यातच वाढली होती.