शेअर ऑफ फ्रीहोल्ड आहे, मग लीज का वाढवायची?

चहाच्या वेळी मला हमखास विचारतात, "अहो, आमचं तर शेअर ऑफ फ्रीहोल्ड आहे, लीजचं टेन्शन आम्हाला कशाला?" पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला वाटतं की सोसायटीसारखंच असणार, जमीन सगळ्यांची, फ्लॅट आपला, विषय संपला. इंग्लंडात तसं नाही हो. इथे तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात, फ्रीहोल्डातला (म्हणजे जमीन आणि इमारतीच्या कायमच्या मालकीतला) वाटा आणि फ्लॅटची लीज (म्हणजे ठरावीक वर्षांपुरता फ्लॅटचा हक्क), आणि वाटा कितीही असला तरी लीजचं घड्याळ थांबत नाही.

समजा एका जुन्या घराचे तीन फ्लॅट केलेत आणि 1983 ला 99 वर्षांच्या लीज दिल्यात, म्हणजे त्या 2082 ला संपणार. विकायला काढलात की समोरच्याची बँक म्हणणार, वर्षं कमी आहेत, लोन नाही. तेव्हा धावपळ.

खरं तर तिघांचं जमलं तर काम सोपं आहे. मालक तुम्हीच, भाडेकरूही तुम्हीच, त्यामुळे 999 वर्षं करून घेतात, प्रीमियम, म्हणजे वर्षं वाढवण्यासाठी मालकाला द्यायची रक्कम, बहुतेक वेळा शून्य, खर्च वकिलाचा आणि लँड रजिस्ट्रीच्या (मालमत्तेच्या सरकारी नोंदणीच्या) फीचा. ग्राउंड रेंट, म्हणजे मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं, पेपरकॉर्न, म्हणजे शब्दशः मिरीचा एक दाणा! कायद्याच्या भाषेत जुनी लीज सोडून नवी घेतली असं धरतात, म्हणून मॉर्गेज असेल तर आधी बँकेची परवानगी लागते, हे लोक विसरतात. आणि एकट्याने करू नका, तिघांनी एकदमच करा, म्हणजे तुझी वाढली माझी का नाही ही भांडणं होत नाहीत.

पण खरी गोची सह्यांची. फ्रीहोल्ड थेट लोकांच्या नावावर असेल, आणि रजिस्टरवर जास्तीत जास्त चारच नावं बसतात, तर त्या सगळ्यांची सही लागते, आणि कधी कधी कळतं की ज्याने दहा वर्षांपूर्वी फ्लॅट विकला त्याचं नाव फ्रीहोल्डवर अजून तसंच आहे, कारण लीज ट्रान्सफर झाली आणि वाट्याचा टीआर1 (मालकी दुसऱ्याच्या नावावर करायचा फॉर्म) कोणी केलाच नाही. आता शोधा त्याला! एखादा अडूनच बसला तर लीज वाढवून मागण्याचा हक्क देणाऱ्या 1993 च्या कायद्याची नोटीस देता येते, वाटा असला तरी तो हक्क जात नाही, पण मग किंमत ठरवायला सर्व्हेअर आला, प्रीमियम आला.

फ्रीहोल्ड कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीच सही करते, ते सोपं. फक्त कंपनी जिवंत हवी. धंदा काहीच नसला तरी दरवर्षी अकाउंट्स आणि कन्फर्मेशन स्टेटमेंट (कंपनीची माहिती बरोबर आहे असं सांगणारा फॉर्म) भरावं लागतं, आणि ते राहिलं की कंपनीज हाउस, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं, कंपनी रजिस्टरवरून काढून टाकतं आणि तुमचं फ्रीहोल्ड चक्क राजाच्या खात्यात जातं, बोना व्हॅकान्शिया म्हणतात त्याला. ते परत आणता येतं, पण आधी कंपनीला पुन्हा रजिस्टरवर आणायचं, राहिलेली सगळी कागदपत्रं भरायची, आणि मगच लीजला हात लावायचा.