पाठभेद, सुपरमॅन आणि एप्रिलमधला पिचर

(क्लीव्हलँडमधल्या मराठी मंडळींसमोर हिवाळ्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार. तळ्यावरून असा बोचरा वारा सुटलेला असताना तुम्ही एवढे जण आलात, याचं मला फार अप्रूप आहे. म्हणून प्रास्ताविक न करता विषयाला हात घालतो.

मला कुणी विचारलं, "तुम्हाला सुपरमॅन आवडतो का हो?" तर मी उलट विचारतो, "कुठला?" १९३८ पासून आजपर्यंत कितीतरी हातांनी सुपरमॅन लिहिला, काढला. त्यातला एक माझा आहे. बाकीच्यांशी माझी ओळख आहे, पण घरोबा नाही. फँटसी बेसबॉलची, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदावरची, टीम चालवताना जो मनस्ताप होतो, त्याचं मूळही मला इथेच सापडलं. आपण माणसाच्या एका रूपावर जीव लावतो, आणि ते रूप धरून ठेवणं आपल्या हातात नसतं. आज मला एवढंच मांडायचं आहे.

सुपरमॅनपासून सुरुवात करतो, कारण तो आपल्या गावचा. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही इथल्याच ग्लेनव्हिल हायस्कूलमधली पोरं. दोघंही स्थलांतरित ज्यू घरांतली. शुस्टरचा जन्म टोरांटोचा. सीगलच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं. १९३२ साली त्या दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगातच वडील गेले. पुढे १९३८ साली या दोघांचा सुपरमॅन छापून आला, तेव्हा त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले गेले होते. हा आकडा उच्चारताना मला अजून त्रास होतो. त्यांना वर्षासन मिळालं आणि निर्माते म्हणून नाव पुन्हा छापलं जाऊ लागलं ते थेट १९७० च्या दशकात.

तर तो १९३८ चा सुपरमॅन उडत नाही. तो उडी मारतो, एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण २०० मीटर. तोफेचा गोळा अंगावर फुटला तर त्याची कातडी फाटू शकते. त्याच्यासमोर परग्रहावरचे राक्षस नाहीत. पहिल्याच गोष्टीत तो निरपराध बाईची फाशी थांबवायला रात्री गव्हर्नरच्या घराचं दार तोडतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याची गचांडी धरतो. पुढच्या काही महिन्यांत एका खाणमालकाला त्याच्याच असुरक्षित खाणीत अडकवतो, म्हणजे कामगार काय भोगतात ते त्याला कळावं. एकदा तर तो झोपडपट्टीची पडकी घरं स्वतः जमीनदोस्त करतो, कारण मग सरकारला नवी बांधावीच लागतील. हे सगळं महामंदीच्या काळातलं, तेवीस-चोवीस वर्षांच्या दोन मुलांनी रचलेलं. नंतर तो उडू लागला, डोळ्यांतून आग ओकू लागला, ग्रह ढकलू लागला. त्याला दुबळा करणारा तो क्रिप्टोनाइट दगडसुद्धा मूळचा चित्रकथेतला नाही, तो १९४३ मध्ये रेडिओवरच्या मालिकेतून आला.

मला पहिलाच का आवडतो? ज्याची उडी २०० मीटरची, त्याला दर २०० मीटरवर जमिनीवर यावं लागतं. म्हणजे कुठल्या तरी गल्लीत, कुणाच्या तरी अंगणात, माणसांत. आभाळात राहणाऱ्याला ती गरज उरत नाही.

माझा स्वतःचा पहिला नायक मात्र सुपरमॅन नव्हताच. तो वेताळ. तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्या मंडळींचे चेहरे आत्ता खुलले, ते मला इथून दिसतंय. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली मुंबईतून निघायला लागली. मी ती पुण्यात रद्दीच्या दुकानात गठ्ठ्यांतून शोधून वाचली. ली फॉकनं १९३६ मध्ये रचलेला फँटम आपल्याकडे वेताळ झाला. इथे आल्यावर मी मूळ इंग्रजी पट्ट्या मिळवून वाचल्या. त्या उत्तम आहेत. तरी तो मला माझा वाटेना, कारण माझा वेताळ मराठी बोलतो. आणि गंमत पाहा, वेताळाची अख्खी कथाच रूपांवर उभी आहे. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना मात्र वाटतं, चारशे वर्षं एकच माणूस आहे, तो मरत नाही.

एकाच गोष्टीच्या अशा निरनिराळ्या रूपांना आपल्याकडे नेमका शब्द आहे: पाठभेद. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. १२०० हून जास्त हस्तलिखितं पडताळून एक पाठ ठरवला. पण नाकारलेले पाठ फेकून दिले नाहीत. ते त्याच पानावर, खाली तळटीपांत ठेवले. ज्याला आपल्या आजीनं सांगितलेला प्रसंग हवा, त्याला तो तिथे सापडण्याची सोय ठेवली. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

अमेरिकन चित्रकथांतही असा प्रयत्न झाला. १९४० चा फ्लॅश होता जे गॅरिक, लोखंडी टोप घालणारा. १९५६ मध्ये त्याच नावाचा नवा फ्लॅश आला, बॅरी ॲलन. १९६१ साली एका अंकात दोघांची गाठ घालून दिली आणि सांगितलं की पृथ्व्या दोन आहेत, जुना त्या पृथ्वीवरचा, नवा या पृथ्वीवरचा. मला ही तोड फार मोठ्या मनाची वाटते. कुणाचंच बालपण खोटं ठरलं नाही. पुढे पृथ्व्या इतक्या वाढल्या की हिशेब लागेना, म्हणून १९८५-८६ मध्ये प्रकाशकांनी सगळ्या मिळून एकच केली. त्यात बॅरी मेला. वॉली वेस्ट नावाच्या पोरानं त्याचा पोशाख घातला. बॅरी हा वॉलीच्या आत्याचा नवरा. भांडारकरांच्या पंडितांनी तळटीप ठेवली होती. इथे तळटीप ठेवली नाही, "हे कधी घडलंच नव्हतं" असं म्हटलं. वाचक दुखावतो तो तिथे. नायकाच्या मरणानं त्याला एवढं लागत नाही.

त्यानंतर जी पिढी वाचायला बसली, तिच्यासाठी वॉली हाच फ्लॅश. वीस-बावीस वर्षं त्यांनी त्याला चुकताना, लग्न करताना, बाप होताना पाहिलं. २००८ मध्ये बॅरी परत आला, तेव्हा माझ्या वयाचे वाचक आनंदले आणि त्या पिढीच्या पोटात गोळा आला. दोघंही बरोबर होते. मी वॉलीच्या बाजूचा आहे, हेही सांगून टाकतो. वारसा मिळालेल्या माणसाची धडपड मला आधीच परिपूर्ण असलेल्या माणसापेक्षा जास्त वाचावीशी वाटते. माइल्स मोरालेस हा २०११ मधला स्पायडर-मॅन मला आवडतो, तोही त्याच कारणानं. २००४ साली मुंबईतला पवित्र प्रभाकर स्पायडर-मॅन म्हणून आला, धोतर नेसलेला. त्यातलं धोतर मला पटलं, मुंबई फारशी दिसली नाही.

आता बेसबॉल. ज्यांना फँटसीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खऱ्या लीगमधल्या खेळाडूंची तुम्ही कागदावर टीम बांधायची, आणि ते खऱ्या मैदानावर जे करतील त्याचे गुण तुमच्या नावावर लागायचे. डॅनियल ओक्रंट या संपादक-लेखकानं १९७९ च्या शेवटी विमानप्रवासात याचे नियम मांडले. न्यूयॉर्कमधल्या ला रोटिसरी फ्रान्सेज नावाच्या रेस्टॉरंटात मित्रमंडळी जमायची, म्हणून खेळाचं नाव रोटिसरी पडलं. १९८० च्या एप्रिलमध्ये पहिला लिलाव झाला. या खेळाचा रूढ नियम असा: प्रत्येकाला बोलीसाठी २६० डॉलर आणि खेळाडूंच्या २३ जागा. सुरुवातीला आठ रकाने, म्हणजे मोजायच्या आठ गोष्टी, होते: बॅटिंगचे चार, पिचिंगचे, म्हणजे चेंडूफेकीचे, चार. प्रत्येक रकान्यात क्रमांक लागतो. दहा जणांची लीग असेल तर पहिल्याला दहा गुण, शेवटच्याला एक. १९८१ मध्ये खेळाडूंचा संप झाला, लिहायला सामने उरले नाहीत, तेव्हा वार्ताहरांनी या खेळावर लिहिलं आणि तो देशभर गेला.

आमची लीगही अशीच आहे, दहा जणांची. पैसे लावत नाही. मोसम १६२ सामन्यांचा, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर. सहा महिने रोज सकाळी चहाच्या आधी आकडे बघायचे. संसार असलेल्या माणसाला हे झेपवणं कठीण आहे, आणि तरी आम्ही करतो.

यातला खरा मनस्ताप लिलावाच्या दिवशीच सुरू होतो. समोर नाव पुकारलं जातं, आणि मला दिसतो तो त्या खेळाडूचा सगळ्यात देखणा मोसम. बोली मी त्या मोसमावर लावतो. मिळतो मात्र यंदाचा माणूस: एक वर्षानं मोठा, कधी गुडघा दुखावलेला, कधी घरात तान्हं बाळ असल्यानं झोप नसलेला. चित्रकथेत मी १९३८ चा अंक पुन्हा उघडू शकतो. बेसबॉलमध्ये मागचं वर्ष कुणी विकत देत नाही.

२०२४ चंच उदाहरण घ्या. रोनाल्ड अकुन्या ज्युनिअर या फलंदाजानं २०२३ मध्ये ४१ होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले आणि ७३ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा टप्पा गाठला. खेळाच्या इतिहासात असा मोसम कुणाच्या नावावर नव्हता. साहजिकच २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडताना, ठिकठिकाणी पहिलं नाव त्याचं गेलं. मेच्या अखेरीस बेसवर धावताना त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. २०२१ मध्ये उजवा तुटला होता. मोसम संपला.

आणि तेव्हा आपल्या क्लीव्हलँडच्या संघात असलेला पिचर शेन बीबर. २०२० चा साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, त्याला एकमतानं मिळाला होता. मग काही वर्षं खांदा, कोपर, घसरलेला वेग. २०२४ च्या पहिल्या दोन सामन्यांत तो १२ इनिंग खेळला, २० फलंदाज स्ट्राइकआउट केले, एकही रन दिला नाही. या शहरात त्या आठवड्यात जो तो म्हणत होता, २०२० चा बीबर परत आला. चारच दिवसांनी बातमी आली की कोपराची शस्त्रक्रिया करावी लागणार, वर्ष गेलं. लोक आपल्या टीमच्या गुणांसाठी हळहळले, हे मला तेव्हाही बोचलं. एका तिशीच्या आतल्या मुलाचा हात गेला होता. फँटसीत हा धोका असतो. माणूस रकान्यात बसवला की त्याचं दुखणंसुद्धा आपल्याला आपलंच नुकसान वाटायला लागतं. मी हे स्वतःत पाहिलं आहे आणि ते मला आवडलेलं नाही. त्या दिवसापासून जखमी खेळाडूला यादीतून काढण्यापूर्वी मी त्याची बातमी पूर्ण वाचतो.

त्याच वर्षीचा शेवटचा रविवार तुम्हाला आठवत असेल. आपल्या संघातल्या होसे रामिरेझचे ३९ होम रन, ४१ चोरलेले बेस. चाळीस-चाळीसला एक फटका कमी. ह्यूस्टनविरुद्धचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर. पाऊस लागला, थांबेना, आणि सामना रद्द झाला. त्याच्या त्या मोसमासमोर कायमचे ३९ लिहिले गेले. ज्यांच्या टीममध्ये तो होता त्यांना एका होम रननं क्रमांक हुकल्याचं दुःख असेल. मला मात्र त्या आकड्यात पावसाचा आवाज ऐकू येतो, आणि ४० पेक्षा तो मला जवळचा आहे.

शोहेई ओतानीनं तर फँटसीचे नियमच बदलायला लावले. तो पिचरही आहे आणि फलंदाजही. मग काही संकेतस्थळांनी त्याचे सरळ दोन खेळाडू केले, पिचर ओतानी वेगळा, फलंदाज ओतानी वेगळा, आणि दोन मालकांकडे दोन. १९६१ मध्ये दोन पृथ्व्या केल्या तसंच हे. देह एक, पाठ दोन.

बीबरवर झाली त्या शस्त्रक्रियेला टॉमी जॉनचं नाव आहे. हा लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला स्नायूबंध काढून डाव्या कोपरात बसवला. यशाची आशा शंभरात एक, असं डॉक्टरांचंच मत होतं. १९७५ चं पूर्ण वर्ष गेलं. १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याचे एकूण २८८ विजय. त्यातले १२४ शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि १६४ नंतरचे. १९७५ मध्ये लिलाव असता तर त्याला एक डॉलरलाही कुणी घेतलं नसतं. आमच्या लीगमध्ये म्हणून मी एक जागा दर वर्षी अशा माणसासाठी राखून ठेवतो, ज्याचं चांगलं रूप संपलं असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा ती जागा फुकट जाते. गेल्या आठ वर्षांत दोनदा नाही गेली.

लिलाव मार्चच्या तिसऱ्या शनिवारी आहे. यंदा दोघं जण गाव सोडून गेल्यामुळे दोन जागा रिकाम्या आहेत. नियम मी मराठीत लिहून ठेवलेत, ज्यांना यायचं त्यांनी आत्ता चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावं. मुलांनाही आणा. सकाळी आधी आपण ग्लेनव्हिलला जाऊ. किम्बर्ली ॲव्हेन्यूवर सीगलचं घर आहे, आणि शुस्टर राहायचा ती इमारत पाडली गेली, तिथल्या कुंपणावर पहिल्या गोष्टीची पानं मोठी करून लावली आहेत. थंडी असेल, जाड कोट घाला. त्या पानांवर तो अजून उडत नाही.